पैठणचा तांबडा अकीक आणि ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञाना’चा दावा

१/ इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तो ग्रंथ ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखला जातो. भडोचपासून दक्षिणेस सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर एक मोठे नगर असल्याची नोंद त्यात आहे. ते नगर म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, आजचे पैठण. #धागा #इतिहास

२/ या नगरातून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून, गाड्यांवर लादून भडोचला एक मौल्यवान दगड मोठ्या प्रमाणात जात असे. विल्फ्रेड शॉफ यांनी १९१२ च्या इंग्रजी अनुवादात त्याला तांबडा अकीक म्हटले. लायोनेल कॅसन यांनी १९८९ च्या अनुवादात त्याच शब्दाचा अर्थ पट्टेदार सुलेमानी दगड असा घेतला. खनिज म्हणून दोघांचे कूळ एकच.

३/ ‘प्राचीन भारतीयांना नॅनोतंत्रज्ञान ज्ञात होते’ हे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. ते तपासण्यासाठी पैठणच्या अकिकाइतका चांगला नमुना क्वचितच मिळेल. कारण त्याच्या लाल रंगामागे खरोखरच एका अर्धसंवाहकाचे अतिसूक्ष्म स्फटिक आहेत. तरीही विधान चुकीचे आहे, आणि ते नेमके कुठे चुकते हे समजून घेणे इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगाचे आहे.

४/ आरंभ दगडापासून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. थंड होणाऱ्या लाव्हात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने मागे राहिले. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपले आणि आतल्या भिंतींवर पापुद्र्यापापुद्र्याने गारगोटी साचत गेली. अकीक जन्मला तो असा.

५/ रासायनिक दृष्ट्या अकीक आणि पारदर्शक षट्कोनी स्फटिकमणी एकच : सिलिका. फरक वाढीच्या रीतीत आहे. स्फटिकमण्यात एकच स्फटिक आपल्या मुख्य अक्षाच्या दिशेने लांब वाढतो. अकिकात असंख्य सूक्ष्म तंतू एकमेकांना चिकटून वाढतात, आणि त्यांची लांबी बहुधा त्या अक्षाला आडवी असते.

६/ वाढीच्या या रीतीमुळे अकीक चिवट होतो. तो ठरावीक प्रतलावर दुभंगत नाही, म्हणून त्याला घासून आकार देता येतो, आरपार छिद्र पाडता येते. तंतूंच्या मधल्या बारीक फटींत पाणी आणि लोहाची संयुगे शिरून बसतात. सिलिका स्वतः रंगहीन आहे. अकिकाचा पिवळा, तपकिरी, लाल रंग या लोहाचा.

७/ लोहाच्या या संयुगांची दोन रूपे घरोघरी परिचित आहेत. पिवळी माती जिच्यामुळे पिवळी दिसते ते गोएथाइट. गेरू ज्यामुळे तांबडा दिसतो ते हेमॅटाइट. पहिल्यात लोह आणि ऑक्सिजन यांच्या जोडीला हायड्रोजन असतो, म्हणजे पाण्याचा अंश बांधलेला असतो. दुसऱ्यात तो नसतो. अकिकात या खनिजांचे कण विखुरलेले असतात, आणि त्यांतील कित्येक एका मायक्रोमीटरहूनही लहान असतात.

८/ आता अग्नी. गुजरातमधील खंभात येथे अकिकाचे दगड प्रथम उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यांत घालून मंद आचेवर भाजतात. मातकट पिवळा दगड आत जातो आणि तांबडा होऊन बाहेर येतो. अकीक भाजण्याची ही विद्या हडप्पा संस्कृतीइतकी जुनी आहे. पैठण आणि भडोच यांच्यामध्ये गाड्या चालत होत्या तेव्हाच ती दोन हजार वर्षे मुरलेली होती.

९/ त्या आचेत दगडाच्या पोटात काय घडते? साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गोएथाइटमधील पाण्याचा अंश निघून जातो आणि हेमॅटाइट उरते. गोएथाइटचे स्फटिक सहसा सुईसारखे असतात. आश्चर्य असे की रूपांतरानंतरही सुईचा बाह्याकार बहुधा टिकून राहतो, आतली रचना मात्र पालटलेली असते.

१०/ याचे कारण दोन्ही खनिजांच्या स्फटिकरचनेत आहे. दोहोंतही ऑक्सिजनचे अणू जवळपास सारख्याच घट्ट थरांत रचलेले असतात. पाणी निघून गेल्यावर हा सांगाडा मोडून पडत नाही. लोहाचे अणू त्याच्या पोकळ्यांत थोडे सरकून नव्या जागा घेतात. जुन्या वाड्याच्या भिंती तशाच ठेवून आतल्या खोल्या बदलाव्यात, तसा हा प्रकार.

११/ आणि हेमॅटाइट हे अर्धसंवाहक आहे. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनला बंधनातून सुटून वाहू लागण्यासाठी ठरावीक ऊर्जेची उडी मारावी लागते. हेमॅटाइटमध्ये ती सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. निळ्या आणि हिरव्या प्रकाशात एवढी ऊर्जा असते, म्हणून तो शोषला जातो. लाल प्रकाशात ती नसते, म्हणून तो सुटतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो.

१२/ म्हणजे अकीक भाजणाऱ्या कारागिराने एका अर्धसंवाहकाच्या सूक्ष्म सुया आपल्याला हव्या त्या रचनेत आणल्या. इथवरचे प्रत्येक वाक्य खरे आहे. ‘नॅनोतंत्रज्ञाना’चा मोह होतो तो नेमका येथे. पण या वळणावर थोडे थांबून पुढच्या दोन हजार वर्षांत काय घडले ते पाहणे आवश्यक आहे.

१३/ पहिला भेद मापाचा. अकिकाचा रंग पिवळ्याचा लाल होतो तो संयुग आणि त्याची रचना बदलल्यामुळे. कण लहान की मोठा, याने त्यात मूलभूत फरक पडत नाही. ज्यांना आज क्वांटम डॉट म्हणतात त्या नॅनोस्फटिकांची गोष्ट वेगळी आहे. तेथे पदार्थही तोच, रचनाही तीच, आणि केवळ माप बदलल्याने रंग बदलतो.

१४/ १९८०च्या दशकाच्या आरंभी लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई एकिमोव यांना काचेत वाढवलेल्या कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांत हे दिसले. १९८३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रूस यांना द्रवात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत तेच आढळले. कण काही नॅनोमीटरचा झाला की इलेक्ट्रॉनची कोंडी होते आणि त्याची उडी मोठी होते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग.

१५/ १९९३ मध्ये मौंगी बावेंडी आणि सहकाऱ्यांनी तप्त द्रावकात रसायने एकदम सोडून जवळजवळ एकाच मापाचे स्फटिक वाढवण्याची रीत सिद्ध केली. एकिमोव, ब्रूस आणि बावेंडी या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दूरचित्रवाणीच्या कित्येक पडद्यांतील झळाळते लाल-हिरवे रंग याच संशोधनाचे फळ.

१६/ परंतु मापाइतकाच महत्त्वाचा असतो आकार : गोळा, कांडी की काट्यांचा झुबका. तो ठरवणारा पहिला घटक म्हणजे आतली स्फटिकरचना. हे समजण्यासाठी पैठण-जालना भागातील कोणत्याही बाजारातली मोसंब्यांची रास डोळ्यांसमोर आणावी.

१७/ मोसंब्यांचा तळथर हा ‘अ’. दुसरा थर त्याच्या खळग्यांत बसतो, तो ‘ब’. तिसऱ्या थरापुढे दोन मार्ग असतात. तो नेमका ‘अ’ च्या डोक्यावर येऊ शकतो, किंवा तिसऱ्याच जागी, ‘क’ वर, बसू शकतो. अ-ब-अ-ब अशी रास षट्कोनी ठरते आणि अ-ब-क-अ-ब-क अशी रास घनाकृती. मोसंबी तीच, घट्टपणाही तोच. फरक केवळ क्रमाचा.

१८/ जस्त किंवा कॅडमियम यांची गंधक, सेलेनियम, टेल्युरियम यांच्याशी होणारी संयुगे या दोन्ही रीतींनी रचली जातात. षट्कोनी रचनेचे नाव वुर्ट्झाइट. हे नाव १८६१ मध्ये शार्ल फ्रीडेल यांनी आपले गुरू रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांच्यावरून दिले. घनाकृती रचनेला झिंक ब्लेंड किंवा स्फॅलेराइट म्हणतात. स्फॅलेराइट या शब्दाच्या मुळाशी ‘फसवा’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे.

१९/ षट्कोनी राशीला एक खास अक्ष असतो : ज्या दिशेने थर चढतात ती दिशा. त्या दिशेची दोन टोके एकसारखी नसतात. एका टोकाच्या पैलूवर धातूचे अणू उघडे पडतात, दुसऱ्यावर गंधकासारख्या मूलद्रव्याचे. त्यामुळे दोन्ही टोकांवर नवे अणू बसण्याचा वेग निराळा असतो, आणि बाजूच्या पैलूंवर आणखी निराळा.

२०/ स्फटिकवाढीचा एक नियम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. जो पैलू वेगाने वाढतो तो आकसत जाऊन नाहीसा होतो, आणि जो संथ वाढतो तोच अखेरीस मोठा होऊन उरतो. म्हणून बाजूच्या पैलूंना चिकटून त्यांची वाढ रोखणारे रसायन द्रवात घातले, तर स्फटिक टोकाच्या दिशेने लांबत जातो आणि कांडी तयार होते.

२१/ २००० साली बर्कली येथे पॉल अलिविसाटोस यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडच्या अशा कांड्या वाढवून दाखवल्या. बाजूच्या पैलूंना धरून ठेवण्यासाठी फॉस्फॉनिक आम्ल वापरले होते. कांडी झाल्याने गुणही पालटला. गोल कणाच्या तुलनेत कांडीतून निघणारा प्रकाश लांबीच्या दिशेने ध्रुवित असतो.

२२/ २००३ मध्ये त्याच गटाने कॅडमियम टेल्युराइडमध्ये त्याहून विलक्षण आकार साधला. मधला गाभा घनाकृती रचनेचा. घनाकृती राशीत थर चढवण्याच्या चार समान दिशा असतात. त्या चार पैलूंवर पुढची वाढ षट्कोनी रचनेत होऊ दिली आणि चार पाय फुटले. सराट्याच्या काट्याप्रमाणे तो कसाही पडला तरी एक टोक वरच राहते.

२३/ या कथेत महाराष्ट्राचेही एक पान आहे, आणि ते फारसे कोणी पुढे पाठवत नाही. कॅडमियम सल्फाइडचा मोठा स्फटिक सहसा षट्कोनी असतो. पण कण अगदी लहान असताना दोन्ही राशींच्या ऊर्जेतला फरक इतका अल्प असतो की थर कोणत्या क्रमाने बसतील याची खात्री उरत नाही.

२४/ पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘लँगम्यूर’ या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॅडमियम सल्फाइडच्या नॅनोस्फटिकांत स्फॅलेराइट आणि वुर्ट्झाइट यांच्या मधल्या अवस्था आढळतात, असा त्याचा विषय. मोसंब्यांच्या भाषेत : काही थर अ-ब-अ, काही अ-ब-क, एकाच छोट्या राशीत.

२५/ हे महत्त्वाचे का? कारण पुढे स्फटिकाला कोणते पैलू येतील, कोणत्या दिशेला पाय फुटतील, हे आरंभीच्या गाभ्यातील थरांच्या क्रमावर अवलंबून असते. गाभा ओळखल्याशिवाय वाढीवर हुकमत येत नाही. गंगापूर, कन्नड, पैठणच्या महाविद्यालयांतून विज्ञान शिकणाऱ्या मुलांना ‘आपल्याकडचे नॅनोतंत्रज्ञान’ म्हणून हे उदाहरण आधी सांगायला हवे.

२६/ आता दाव्याला आणखी बळ देणारे एक उदाहरण, न्याय म्हणून. शिसे सातवाहनांच्या प्रजेला परके नव्हते. त्यांची कित्येक नाणी शिशाची आहेत आणि भडोचच्या आयातीत पेरिप्लस शिशाचा उल्लेख करतो. त्याच काळाच्या ग्रीक-रोमन जगात शिशाचे ऑक्साइड, चुना आणि पाणी यांचा लेप लावून केस काळे करीत.

२७/ २००६ मध्ये फ्रान्समधील फिलिप वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी ती कृती पुन्हा करून पाहिली. केसातील गंधकाशी शिशाचा संयोग होऊन केसाच्या आतच शिशाच्या सल्फाइडचे सुमारे ५ नॅनोमीटरचे स्फटिक तयार झाले. हेही अर्धसंवाहकच. माप आधुनिक क्वांटम डॉटच्या तोडीचे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी लोक डोक्यावर नॅनोस्फटिक वाढवत होते.

२८/ मग त्या केशकर्त्याला नॅनोशास्त्रज्ञ म्हणावे काय? शिशाच्या सल्फाइडची रचना मिठासारखी घनाकृती असते. तिला षट्कोनी राशीसारखा एकच खास अक्ष नसतो. कणाला लहान ठेवले ते केसाच्या बांधणीने. रोमन नाभिताला केस काळे झालेले दिसत होते. स्फटिक, पैलू, माप यांपैकी काहीही त्याच्या प्रश्नात नव्हते.

२९/ अकिकाचेही तसेच. अणूंची रचना प्रत्यक्ष वाचण्याचे साधन मानवाला १९१२ मध्ये मिळाले. माक्स फॉन लावे आणि सहकाऱ्यांनी म्युनिकमध्ये स्फटिकांतून क्ष-किरण सोडून जी छायाचित्रे घेतली, त्यांत झिंक ब्लेंडचा स्फटिक होता. त्याच वर्षी २२ वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅग यांनी त्या ठिपक्यांचा अर्थ लावला. शॉफ यांचा पेरिप्लसचा अनुवादही १९१२ चाच.

३०/ गेरूला गेरूपण देणाऱ्या हेमॅटाइटची अणुरचना लायनस पॉलिंग आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स यांनी १९२५ मध्ये निश्चित केली. पेरिप्लसच्या कर्त्याने पैठणच्या गाड्यांची नोंद केली, त्यानंतर सुमारे १९०० वर्षांनी. हे अंतर दडवून ‘आमच्याकडे सर्व आधीच होते’ म्हणणे म्हणजे त्या १९०० वर्षांतील मानवी परिश्रमांवर बोळा फिरवणे होय.

३१/ यावर एक रास्त आक्षेप येतो : कारागिराला कारण सांगता आले नाही म्हणून त्याचे ज्ञान ज्ञान ठरत नाही काय? ठरते, निःसंशय ठरते. अकिकात पाणी असते आणि घाईने तापवल्यास तो तडकतो. आधी ऊन, मग मंद आच, मग सावकाश निववणे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांच्या फुटलेल्या दगडांतून शिकलेला आहे. त्याला ‘योगायोग’ म्हणणे हा उलट दिशेचा अन्यायच.

३२/ तरीही दोन ज्ञानांत एक भेद उरतो. अकिकाचे ज्ञान अकिकाशी आणि त्या भट्टीशी बांधलेले आहे. तांबडा दगड उत्तम भाजणाऱ्याला त्यावरून शिशाच्या लेपाविषयी काही सांगता येत नाही. राशीच्या क्रमाचे ज्ञान मात्र जस्ताच्या सल्फाइडवरून कॅडमियमच्या टेल्युराइडवर जाते, आणि न पाहिलेला आकार आधी कल्पून मग तो घडवता येतो.

३३/ तंत्रज्ञान कोणाला म्हणावे याची ही व्यवहार्य कसोटी आहे. सूक्ष्म कण सापडले, एवढ्याने ती पार होत नाही. काजळीतही नॅनोकण असतात. परिणाम पुन्हा पुन्हा साधता येतो, एवढ्याने कौशल्य सिद्ध होते. कारण ओळखून दुसऱ्या पदार्थात वेगळा परिणाम हेतुतः घडवता आला, की नॅनोतंत्रज्ञान हा शब्द वापरावा.

३४/ चुकीच्या दाव्याची खरी किंमत कारागिराला मोजावी लागते. ‘प्राचीन नॅनोशास्त्रज्ञ’ हे काल्पनिक पात्र मंचावर आले की मणी घडवणारा खरा माणूस पडद्याआड जातो. दगड कोणत्या ओढ्याकाठचा, भाजला कोणत्या इंधनावर, छिद्र कशाने पाडले, एका मण्याला किती दिवस लागत, हे पुरातत्त्वाचे प्रश्न मग कोणी विचारीत नाही. उत्तर आधीच मिळाल्याचा भास झालेला असतो.

३५/ दुसरी किंमत विज्ञानाची. जे पूर्वजांनी केव्हाच साधले होते ते पुन्हा शिकण्याची निकड तरुणाला का वाटावी? पुण्यातील प्रयोगशाळेत एका सूक्ष्म राशीचा क्रम वाचण्यासाठी खपलेली वर्षे त्याला दिसत नाहीत. अभिमान फुकट मिळाला की अभ्यास महाग वाटू लागतो.

३६/ पैठणला सातवाहनकालीन वस्तू मांडलेले बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. अशा दालनांत अकिकाच्या मण्याखाली चार ओळी लिहिता येतील : दख्खनच्या लाव्हातील गारगोटी. लोहामुळे रंग. अकीक भाजून तांबडा करण्याची विद्या हडप्पाकाळापासूनची. लाल रंगाचे कारण असलेल्या स्फटिकाची रचना १९२५ मध्ये उलगडली.

३७/ या चार ओळींत भूगर्भ आहे, कारागीर आहे, विज्ञान आहे, आणि कोणाचेही श्रेय दुसऱ्याच्या खात्यात मांडलेले नाही. पैठणच्या गाड्यांनी वाहून नेलेला दगड तेवढ्यानेच पुरेसा थोर ठरतो. (धागा समाप्त)